आखातातून एवढा पैसा येतो, तरी रुपया का घसरतो?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा मेव्हणा २००७ च्या शेवटी शारजाला गेला, तेव्हा एका दिरहमला पावणेअकरा रुपये मिळत होते. आता २३ च्या पुढे मिळतात. परवा सुट्टीवर आला होता. रात्री जेवणं झाल्यावर पडवीत बसलो होतो, तर म्हणाला, "भावोजी, आम्ही लाखो माणसं दर महिन्याला घरी पैसे पाठवतो. म्हणजे देशात डॉलरच येतात ना? मग डॉलर स्वस्त व्हायला हवा. हा तर महागच होत चाललाय."

मी बारावीला वाणिज्य शिकवतो. परकीय चलनाचा पुरवठा वाढला की देशी चलन वधारतं, हे वर्गात दरवर्षी सांगतो. त्याच्यासमोर मात्र ते वाक्य तोंडातून निघेना. त्याच्या मोबाईलमध्ये पैसे पाठवल्याच्या पावत्यांचे फोटो आहेत, पार जुन्या कागदी पावत्यांपासूनचे. त्या एकेक करून दाखवत गेला आणि बहुतेक पावत्यांवरचा दर आधीच्यापेक्षा चढा.

तर जाणकारांनी सांगावं. बाहेरून घरी येणाऱ्या पैशाचा विनिमय दरावर खरंच परिणाम होतो का? होत असेल तर तो दिसतो कुठे?

सोनचाफा

चांगला विषय. माझा नवरा मस्कतला आहे. आमच्याकडे सकाळी चहाआधी रियालचा दर बघतात. वाचतेय.

नोस्ट्रो

बँकेच्या परकीय चलन विभागात २२ वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सर, तुमच्या पुस्तकातलं वाक्य बरोबर आहे, फक्त अर्धं आहे. पुरवठा वाढला की दर उतरतो, पण मागणी तिथेच थांबली तर. जागतिक बँकेच्या हिशेबाने २०२४ मध्ये भारतात बाहेरून घरी आलेला पैसा सुमारे १२९ अब्ज डॉलर होता, जगात सगळ्यांत जास्त. म्हणजे दिवसाला साधारण ३५ कोटी डॉलर. ऐकायला प्रचंड वाटतं. पण आपण मालाची जेवढी निर्यात करतो त्यापेक्षा आयात कितीतरी जास्त करतो. २०२४-२५ ची ही व्यापारी तूट २८० अब्ज डॉलरच्या पुढे होती. मेव्हण्यासारख्यांच्या पैशाने त्यातली जवळजवळ निम्मी भरून निघाली.

त्यामुळे 'एवढा पैसा येऊनही रुपया का घसरतो' याऐवजी 'हा पैसा आला नसता तर रुपया कुठे असता' असं विचारून बघा.

दुसरी गोष्ट, जेव्हा डॉलर खरंच जास्त येतात तेव्हा रिझर्व्ह बँक ते विकत घेऊन ठेवते. रुपया एकदम महाग झाला तर आपला निर्यातदार मरतो, म्हणून. सप्टेंबर २०२४ च्या शेवटी परकीय चलनाची गंगाजळी ७०० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. चढत्या दिवसात रुपयाला फार चढू द्यायचं नाही आणि उतरत्या दिवसात त्याच साठ्यातून डॉलर विकून त्याला सावकाश उतरू द्यायचं. त्यामुळे आलेल्या पैशाचा परिणाम तुम्हाला फलकावरच्या दरात कमी दिसतो आणि गंगाजळीत जास्त.

चिरेखाण

नोस्ट्रो, छान समजावलंत. आणखी एक बाजू. आपण ८५ टक्क्यांच्या वर कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यातलं बरंच आखातातून. मजुरी तिकडून येते आणि तेलाचे पैसे तिकडेच जातात. तेल महागलं की तिकडे बांधकामं निघतात, आपल्या माणसांना कामं मिळतात, आणि त्याच वेळी आपलं तेलाचं बिलही फुगतं. दोन्ही हात एकाच विहिरीत.

हापूस_बागायत

मला अर्थशास्त्र कळत नाही, पण दुसऱ्या टोकाची गोष्ट सांगतो. रत्नागिरीजवळ आमची आंब्याची बाग आहे. राखणीला आणि काढणीला नेपाळी माणसं असतात, आता दुसरी पिढी आली. ते इथून पैसे नेपाळला पाठवतात. आमचा गडी कधीच दर विचारत नाही. "सेठ, सौ का एकसौसाठ", एवढंच. माझे वडील बाग बघायचे तेव्हाही हेच १६० होते. हे कसं काय? तिथे रुपया हलतच नाही?

नोस्ट्रो

हापूस_बागायत, तुमचा गडी ज्याबद्दल बोलतो तो या विषयातला सगळ्यांत बोलका दाखला आहे. नेपाळने १९९३ पासून आपला रुपया भारतीय रुपयाला १.६० या दराने बांधून ठेवलाय. संध्याकाळी लिहितो, आत्ता कामावर आहे.

कुवेत९०

वय ६८. या विषयावर माझं मत वाचून झालेलं नाही, अंगावरून गेलेलं आहे.

ऑगस्ट १९९० मध्ये मी कुवेतमध्ये होतो. इराकी फौजा शिरल्या आणि काही दिवसांत आमच्या खिशातल्या दिनारचं काय होणार ते कुणालाच कळेना. इराकने आधी दोन्ही दिनार सारखे म्हणून जाहीर केलं, मग कुवेती दिनार चलनातूनच काढला. नऊ वर्षांची शिल्लक बँकेत आणि बँक बंद. आम्ही बसने बगदादमार्गे अम्मानला आलो. तिथे माझ्याकडच्या नोटा सराफ बोटाने बाजूला सारायचा. एअर इंडियाच्या विमानांनी साधारण दोन महिन्यांत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आणले, त्यातला मी एक. मुंबईला उतरलो तेव्हा अंगावर एक सदरा जास्तीचा होता, बस.

पुढचं तुम्हाला माहीत असेल. आखातातून येणारा पैसा आटला, तेल भडकलं, अनिवासी भारतीयांनी आपल्या ठेवी काढून घ्यायला सुरुवात केली. देशाकडे जेमतेम दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. १९९१ च्या जुलैत ४७ टन सोनं परदेशात गहाण पडलं आणि रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. कारणं पुष्कळ होती, सगळा भार युद्धावर टाकू नये. पण परदेशातल्या मजुराचा पैसा थांबला की रुपयाला काय होतं हे ज्यांना बघायचंय त्यांनी ते वर्ष बघावं.

शिवाय माझ्यासारखी परत आलेली माणसं त्याच अवमूल्यनात भाजीपाला विकत घेत होती. ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

सोनचाफा

काका, वाचून गलबलून आलं. शिल्लक परत मिळाली का?

कुवेत९०

बऱ्याच वर्षांनी नुकसानभरपाई मिळाली, ताई. तोवर मुलगी कॉलेजात गेली होती.

बोटीवरचा

मी व्यापारी जहाजावर आहे, मूळचा गोव्याचा. बोटीवर माझे अर्धे सोबती फिलिपिनो. त्यांच्याकडे कायदाच आहे की खलाशाने मूळ पगाराचा निदान ८० टक्के हिस्सा दर महिन्याला घरी पाठवायचा. आपल्याकडे तसं काही नाही, आम्ही दर बघून पाठवतो. डिसेंबर आला की हे लोक कुरकुर करतात. सगळेच नाताळसाठी एकदम पैसे पाठवतात, तेव्हा पेसो वधारतो आणि डॉलरमागे कमी पेसो मिळतात. म्हणजे सरांचं पुस्तक फिलिपिन्समध्ये डिसेंबरात पुष्कळदा खरं ठरतं. तिथे हा पैसा एकूण उत्पन्नाच्या ८-९ टक्के आहे, आपल्याकडे ३ टक्क्यांच्या आसपास. देश लहान आणि येणारा पैसा मोठा, तर फलक हलतो.

वाशिष्ठीकाठ

बोटीवरचा, हे उदाहरण उद्याच वर्गात सांगणार. कुवेत९० काका, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

आकडेमोड

इथे एक उलटा प्रश्न विचारायला हवा. पैशामुळे दर ठरतो की दरामुळे पैसा? २०१३ आठवा. मे महिन्यात ५४ च्या आसपास असलेला डॉलर २८ ऑगस्टला ६८ च्या पलीकडे गेला. तेव्हा दुबईत माझे ओळखीचे लोक पगारावर कर्ज काढून पैसे पाठवत होते. उलट रुपया आणखी पडेल असं वाटलं की तेच लोक पैसे तिकडेच धरून ठेवतात. त्यामुळे 'पैसा वाढला म्हणून रुपया वधारला' असं सरळ दाखवणं कठीण आहे, बाण दोन्हीकडून जातो.

नोस्ट्रो

आकडेमोड, सहमत. पण घर चालवायला लागणारा पैसा लोक थांबवू शकत नाहीत. आईचं औषध दर बघून येत नाही. म्हणून शेअर बाजारातला परदेशी पैसा संकटात पळून जातो आणि हा पैसा संकटात टिकतो, कधी वाढतोही. रुपयाला खरा आधार या स्वभावाचा आहे. २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अनिवासींच्या डॉलर ठेवींसाठी खास सवलत काढली तेव्हा त्या एका खिडकीतून २६ अब्ज डॉलर आले. १९९१ मध्ये पळाल्या त्याही अनिवासींच्या ठेवीच होत्या. म्हणून मजुराने घरखर्चाला पाठवलेला पैसा आणि श्रीमंत अनिवासीची ठेव या दोन गोष्टी एका पोत्यात घालू नका.

कोलंबोत_होतो

दर जबरदस्तीने धरून ठेवला तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २०२१ मध्ये श्रीलंकेच्या मध्यवर्ती बँकेने डॉलर २०० च्या आसपास बांधून ठेवला होता. बाजारात त्यापेक्षा बरेच जास्त मिळत होते. आमच्या ऑफिसातल्या शिपायाची बायको कुवेतला घरकाम करायची. तिचा पैसा बँकेतून यायचा बंद झाला. एक माणूस स्कूटरवर यायचा, खाकी पाकीट देऊन जायचा, सही नाही की पावती नाही. त्याला तिथे उंडियाल म्हणतात, आपली हुंडीच. तिकडे डॉलर कुणीतरी घ्यायचं, इकडे रुपये कुणीतरी द्यायचं, डॉलर देशात यायचाच नाही.

२०२० मध्ये बँकांमार्फत ७.१ अब्ज डॉलर आले होते. २०२१ मध्ये ५.५ आणि २०२२ मध्ये ३.८. माणसं तेवढीच होती आणि तेवढंच कमवत होती. मार्च २०२२ मध्ये दर सोडला, मे पर्यंत डॉलर ३६० ला गेला. त्यानंतर पैसा हळूहळू बँकेत परतला. पेट्रोलच्या रांगेत मी नऊ तास उभा राहिलो आहे. त्या शिपायाला दोष द्यायला माझं मन धजत नाही. त्याने घरच्यांचं बघितलं.

चिरेखाण

आपल्याकडेही होतंच की हे. ८० च्या दशकात आमच्या गावात हवाल्याचा माणूस यायचा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडकी घेऊन. लहान मुलांना खाऊपण द्यायचा. बँकेचा ड्राफ्ट रजिस्टर पोस्टाने यायला तीन आठवडे, वटायला आणखी दोन.

आकडेमोड

चिरेखाण, आणि तो माणूस गायब का झाला तेही आकड्यात दिसतं. १९९३ मध्ये रुपयाचा दर बाजारावर सोडल्यावर सरकारी आणि काळ्या दरातला फरकच संपत आला. १९९०-९१ मध्ये बाहेरून घरी येणारा नोंदलेला पैसा २ अब्ज डॉलरच्या थोडा वर होता, १९९६-९७ मध्ये १२ अब्जांच्या पुढे. माणसं सहापट झाली नव्हती. पुष्कळसा पैसा पुडक्यातून पासबुकात आला.

मांडवी

जरा अवांतर. १९६६ पर्यंत आखातातल्या बऱ्याच भागात भारतीय रुपयाच चालायचा हे किती जणांना माहीत आहे? १९५९ पासून रिझर्व्ह बँक तिथल्यासाठी वेगळ्या नोटा छापत होती. ६ जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं, डॉलर ४.७६ वरून ७.५० ला गेला, आणि तोवर रुपया वापरणाऱ्या तिथल्या बहुतेक राज्यांनी तो सोडला. माझ्या आजोबांना बहारीनमध्ये पगार रुपयात मिळायचा.

सोनचाफा

हे खरंच माहीत नव्हतं! म्हणजे आजोबांना दर बघायचं कामच नव्हतं.

नोस्ट्रो

नेपाळबद्दल लिहायचं राहिलं होतं.

नेपाळच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाएवढा पैसा बाहेर राबणाऱ्यांकडून येतो. कतार, मलेशिया, सौदी, आणि हापूस_बागायत यांची बाग. निर्यात अगदी थोडी, आयात प्रचंड, आणि आयातीचा मोठा भाग भारतातून. भारताला द्यायला भारतीय रुपये लागतात, ज्याला तिथे 'आयसी' म्हणतात. म्हणून नेपाळ राष्ट्र बँक आखातातून आलेले डॉलर विकून भारतीय रुपये विकत घेते. गडी म्हणतो ते १६० तीस वर्षं टिकून आहेत ते कतारमध्ये उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर.

आता सरांच्या 'परिणाम दिसतो कुठे' या प्रश्नाकडे या. दर बांधलेला असेल तर फलक हलणार नाही. मग आलेला पैसा कुठून तरी बाहेर पडणारच. तो मजुरीत, जमिनीत, घरभाड्यात निघतो. मोबाईल किंवा तांदूळ बाहेरून आणता येतो, म्हणून त्याची किंमत फार चढत नाही. गवंडी, न्हावी, गुंठा बाहेरून आणता येत नाही, त्याची किंमत चढते. अर्थशास्त्रात याला वास्तव विनिमय दर वधारणं म्हणतात. देश आतून महाग होतो, मग त्याचा माल बाहेर विकला जात नाही आणि तरुणाला पुन्हा बाहेरच जावं लागतं. २००४ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या १३ देशांचा अभ्यास झाला होता. त्यात निघालं की हा पैसा दुप्पट झाला तर वास्तव विनिमय दर साधारण २२ टक्क्यांनी वधारतो.

चिरेखाण

हे वाचून उठून बसलो. नोस्ट्रो, तुम्ही आमच्या तालुक्याचं वर्णन केलंत.

माझी जांभ्याची खाण आहे. आमच्या पट्ट्यात, खेड, दापोली, मंडणगड, तिकडे म्हसळा, श्रीवर्धन, घराआड एक माणूस आखातात. एप्रिल-मेला ते सुट्टीवर आले की सगळ्यांना एकाच वेळी घर बांधायचं असतं, पावसाच्या आधी स्लॅब पडायला हवा. तेव्हा गवंडी तोंडाला येईल ती हजेरी सांगतो आणि मिळवतो. चिरा मी त्या महिन्यात जास्त दराने विकतो, उगाच कशाला लपवू. त्याच गावात ज्याचं कुणी बाहेर नाही, जो भात लावतो, त्याला त्याच दराने चिरा घ्यावा लागतो. त्याचा भाताचा दर तेवढा वाढलेला नाही. त्याने शेती पड टाकली आणि पोराचा पासपोर्ट काढला. असे चार तरी मला नावानिशी माहीत आहेत.

रुपया तर साऱ्या देशाला एकच. पण आमच्या गावचा रुपया शेजारच्या घाटावरच्या गावापेक्षा स्वस्त झालाय.

सोनचाफा

चिरेखाण, घर बांधणाऱ्यांचीही बाजू घेते. नवरा बारा वर्षं एका खोलीत सहा जणांबरोबर राहिला. त्याने स्वतःचं घर बांधलं तर महागाई त्याच्या नावावर मांडू नका. या पैशातून सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, नणंद नर्सिंग शिकली.

चिरेखाण

ताई, दोष नाही देत. माझं घरपण खाणीवर चालतं आणि खाण तुमच्या घरांवर. फक्त भात लावणाऱ्याचं कुणी धरत नाही, म्हणून बोललो.

कुवेत९०

कोकणाला हे नवीन नाही. आधी गिरणीतल्या चाकरमान्याची मनीऑर्डर होती, तिच्यावर गाव जगायचं. पोस्टमन यायच्या दिवशी वाण्याची उधारी फिटायची. तेव्हाही तरुण हात मुंबईला आणि शेत म्हाताऱ्यांकडे. फक्त मनीऑर्डरला विनिमय दर नव्हता.

आकडेमोड

केरळात हेच मोठ्या प्रमाणात झालंय. रिझर्व्ह बँकेच्या पुस्तिकेनुसार २०२२-२३ मध्ये ग्रामीण भागातल्या बांधकाम मजुराचा रोज केरळात साडेआठशे रुपये होता, देशाची सरासरी ३९३. मग बंगाल, आसाम, ओडिशाचे मजूर केरळात येतात आणि ते घरी पैसे पाठवतात. एकाच्या पाठवण्यातून दुसऱ्याचं पाठवणं.

आणि एक बदल लक्षात घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत अमेरिकेचा वाटा जवळजवळ २८ टक्के आणि अमिरातीचा १९ टक्के निघाला. २०१६-१७ मध्ये अमिराती पहिली होती. राज्यांत आता महाराष्ट्र साडेवीस टक्क्यांवर, केरळाच्या किंचित पुढे. पण महाराष्ट्राचा म्हणजे दापोलीचा नव्हे, त्यात पुण्या-मुंबईचे अमेरिकेतले इंजिनिअर आले. त्यांचा पैसा फ्लॅटमध्ये जातो.

बाणेरकर

अमेरिकेतल्या इंजिनिअरकडून हजेरी. आम्ही इथून घरी पाठवतो त्या पैशावर इथल्या सरकारचं ५ टक्के कर लावायचं चाललं होतं, मग साडेतीन झाले, शेवटी १ टक्का राहिला आणि तोही रोख रकमेने पाठवणाऱ्यांवर. बँक खात्यातून पाठवणारे आम्ही सुटलो. सापडला तो मेक्सिकन मजूर, ज्याचं खातंच नाही. याचं मला वाईट वाटलं. आणि हो, माझाही फ्लॅट आहे, भावाने बघून घेतला, जागेचे दर ऐकून मीच चक्रावलो होतो.

वाशिष्ठीकाठ

मंडळी, एवढं सगळं वाचून काल मेव्हण्याला फोन केला. तो परत शारजाला पोचलाय. म्हटलं, तुझ्या पैशाने रुपया वर चढत नाही, पण तो नसता तर आणखी खाली गेला असता. तो म्हणाला, "म्हणजे आम्ही टेकू." मी हो म्हटलं. मग चिरेखाण यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. थोडा वेळ बोललाच नाही. वरचा मजला यंदा घ्यायचा होता त्याला. म्हणाला, दर २३ झाला म्हणून मी खूश होतो, पण २००९ मध्ये खालचं घर जेवढ्या दिरहममध्ये बांधलं तेवढ्यात आता वरच्या मजल्याच्या भिंतीही होत नाहीत. सगळ्या पावत्या आहेत त्याच्याकडे, चिऱ्याच्यासुद्धा. तो स्वतःच हिशेब मांडतोय, आला की इथे टाकतो.

चिरेखाण

सर, त्यांना सांगा, दिवाळीनंतर लगेच काम काढायला. मे महिन्याचा दर लावणार नाही.

हापूस_बागायत

मी आज गड्याला विचारलं, तुला १६० हाच दर बरा की खालीवर होणारा? म्हणाला, हाच बरा, बायकोला हिशेब करावा लागत नाही. मग म्हणाला, सेठ, पण गावात घराला हात लावायला माणूस मिळत नाही, सगळे कतारला गेलेत. भिंत पावसात पडलीय, दोन वर्षं तशीच आहे. यंदा काढणी झाल्यावर स्वतःच जाऊन बांधणार आहे.